जुने साडेसात हजार, नवे शून्य

१० ऑगस्ट २०१४, रविवार. बारा हजार पाचशे रुपये. वैरक्कण्णूच्या स्वतःच्या वहीत बत्तिसाव्या पानावर निळ्या शाईने ही नोंद आहे. देणाऱ्याचे नाव कदिरवेल, वडील मुरुगैयन, वरची आळी, मरुदंगाडू. पुढे दोन रकाने: जुने पाच हजार, नवे साडेसात हजार.

मरुदंगाडूत आणि आसपासच्या वीस-पंचवीस गावांत हीच रीत आहे. दर पाच वर्षांनी माणूस आडी नाहीतर आवणी या तमिळ महिन्यात, म्हणजे जुलै ते सप्टेंबरच्या दरम्यान, मटणाची पंगत घालतो आणि जेवायला येणारा प्रत्येक जण वहीत आहेर लिहून जातो. या आहेराला मोय म्हणतात. यजमानाने पूर्वी आपल्याला दिलेले असतील ते 'जुने' म्हणून फेडायचे आणि वर आपले 'नवे' ठेवायचे. ते नवे यजमान आपल्या पंगतीत फेडणार. व्याज नाही, कागद नाही, आणि बुडवणारा कोणी नाही. मुलीचे लग्न, विहिरीची बोअर, मुलाचे सिंगापूरचे तिकीट, सगळे यातून निघते. नियम दोनच. मोय घरी नेऊन परत करता येत नाही. ज्याची त्याच्याच पंगतीत, नाव पुकारून द्यावी लागते. आणि जुने फेडून नवे काहीच ठेवले नाहीत, तर त्या घराशी संबंध संपला असे समजायचे.

वैरक्कण्णू एकतीस वर्षे लोकांच्या वह्या लिहीत आला होता. नोकरी गावच्या शेती पतसंस्थेत, सचिवाची. टपालाने बी.कॉम. झालेला. नोंदी निळ्या शाईत, बेरीज लाल शाईत, खाली पट्टीने दोन रेघा. पंगत कोणाचीही असो, वही त्याच्यापुढे यायची. संध्याकाळी रोकड आणि बेरीज जुळली की तो चष्मा पुसायचा आणि मगच जेवायला बसायचा. एकतीस वर्षांत एका रुपयाचा फरक पडला नव्हता, आणि एकतीस वर्षांत कॉलनीतल्या, म्हणजे गावाबाहेरच्या दलित वस्तीतल्या, एकाही माणसाचे नाव त्याच्या वहीत आले नव्हते. कॉलनीची माणसे मांडव घालायची, ढोल वाजवायची, उष्टी पाने उचलायची आणि मागच्या बाजूने जेवणाची पुडी घेऊन जायची. या दुसऱ्या गोष्टीचा त्याने कधी विचारच केला नव्हता, हे त्याने पुढे स्वतः सांगितले.

त्याची स्वतःची पंगत १ सप्टेंबर २०१९ ला ठरली होती. मागच्या पाच वर्षांत इतरांच्या पंगतींत त्याने ठेवलेले नवे तीन लाख शहाऐंशी हजारांवर गेले होते, ते त्या दिवशी परत यायचे होते. आदल्या नोव्हेंबरातल्या गज वादळाने त्याच्या घराची कौले उडवून नेली होती. तेव्हापासून छपरावर सरकारी निळी ताडपत्री होती आणि तिच्यावर विटा. बायको सौंदरम रोज एकदा वर बघून म्हणायची, "आवणी येऊ दे."

त्याच वादळाने आणखी एक गोष्ट केली. नारळाच्या बागा आडव्या झाल्या आणि नुकसानभरपाईच्या अर्जांसाठी सगळा गाव बसथांब्याजवळच्या झेरॉक्सच्या दुकानासमोर रांगेत उभा राहिला. दुकानात कदिरवेलची मुलगी तेन्मोळी काम करायची. वय बावीस. पडलेली झाडे कापायला कॉलनीतला मुगिलन यंत्राची करवत घेऊन वरच्या आळीच्या बागांमधून फिरत होता. त्याला दर बागेचा दाखला लागायचा, दर दाखल्याच्या दोन प्रती लागायच्या. सहा महिन्यांत त्याने किती प्रती काढल्या असतील याचा हिशेब गावाने नंतर चवीचवीने केला.

२४ मे २०१९, शुक्रवार. वैरक्कण्णू नोव्हेंबरात निवृत्त होणार होता. पेन्शनच्या कागदांच्या पंधरा प्रती काढायला तो दुपारी दुकानात गेला. दुसरे कोणी नव्हते. तेन्मोळीने प्रती काढल्या, टाचल्या, आणि यंत्र बंद न करताच बोलली.

"मामा, एक सही हवी होती."

"कशावर?"

"नोंदणीच्या ऑफिसात. मंगळवारची वेळ घेतलीय. तीन साक्षीदार लागतात. दोन आहेत."

वैरक्कण्णूला कळायला थोडा वेळ लागला. मग त्याने बाहेर पाहिले.

"कदिरवेलला सांगितलंस?"

"सांगता आलं असतं तर तुमच्याकडे आले असते का, मामा?"

"मुलगा कोण?"

तिने सांगितले. त्याला ते माहीतच होते.

"माझ्याकडेच का आलीस?"

"तुमची सही सगळे मानतात. उद्या कोणी म्हणालं की पोरीला पळवून नेऊन जबरदस्तीनं लावलं, तर तुमचं नाव बघून गप्प बसतील. आणि तुम्ही तारीख बरोबर लिहिता." ती हसली. "बाकीच्या दोघांपैकी एकाला तर स्वतःचं वय माहीत नाही."

वैरक्कण्णू नाही म्हणाला नाही. त्याच्यासारख्या माणसाला नाही म्हणता येत नाही आणि होही म्हणता येत नाही. तो म्हणाला, "सोमवारी बघू. मी जरा विचार करतो."

पंधरा प्रतींचे तीस रुपये झाले होते. त्याच्याकडे पाचशेची नोट होती, तिच्याकडे सुटे नव्हते.

"सोमवारीच द्या मग," ती म्हणाली. "एकदमच."

रविवारी सकाळी सहाच्या आत तिला जाळून झाले होते. कदिरवेल आणि त्याचा धाकटा भाऊ सिन्नैयन यांनी सांगितले, शनिवारी पोटात कळ आली, कळ सोसवेना म्हणून नारळावर मारायचे औषध प्यायली. डॉक्टर नाही, पोलीस नाही. आळीतली सोळा माणसे स्मशानात होती, आणि त्या सोळांनी सांगितले, होय, पोटात कळच होती.

चहाच्या टपरीवर निवृत्त पोस्टमन अय्याकण्णू म्हणाला, "ही कळ फक्त पोरींनाच येते. माझ्या हयातीत या तालुक्यात चौथी. एका पोरालाही आली नाही."

"तू गप चहा पी," टपरीवाला म्हणाला.

"पितोय. साखर घाल जरा. तोंड कडू झालंय."

एवढेच. तेवढ्यावर विषय संपला.

मुगिलनने तक्रार दिली म्हणून गुन्हा दाखल झाला. दोघे भाऊ सात आठवडे आत राहिले आणि जामिनावर सुटले. राखेतून काय निघणार. शहरातून एका संघटनेची माणसे आली, कॉलनीत सभा झाली. वैरक्कण्णू रस्त्यावर सायकल धरून उभा राहून ऐकत होता. समाजाने जागे झाले पाहिजे, असे वक्ता तीनदा म्हणाला. शाळेच्या हेडमास्तरांनी मुलांना शपथ द्यायचा विचार बोलून दाखवला, पण तेव्हा शाळेला सुट्टी होती. वैरक्कण्णूला चीड आली ती याच शब्दाची. समाजाने हे करावे, समाजाने ते करावे. पतसंस्थेत एखादा अर्ज 'समाज' या नावाने आला असता तर त्याने परत पाठवला असता. अर्जदाराचे नाव लिहा. बापाचे नाव लिहा. सही कोणाची ते लिहा.

त्याला जे माहीत होते ते आळीतून सांगणारा दुसरा कोणी नव्हता. शुक्रवारी दुपारी ती ठणठणीत होती, हसत होती, मंगळवारी लग्न नोंदवणार होती. अशी मुलगी शनिवारी औषध पीत नाही. हे त्याने पोलिसांना सांगायला हवे होते, आणि हे त्याला रविवारी सकाळी सात वाजल्यापासून कळत होते. पण त्याच्याकडे कदिरवेलचे साडेसात हजार होते. ज्याची मोय आपल्या घरात आहे त्याच्याविरुद्ध बोलायचे नाही, हे त्याला कोणी शिकवले नव्हते. ते लहानपणापासून आत बसलेले होते. आधी देणे फेडायचे, मग तोंड उघडायचे. आणि फेडायचे तर कदिरवेलच्या पंगतीत. २०१५ ची पाळी घरातल्या सुतकामुळे चुकली होती, आता ती यायची होती पुढच्या वर्षी.

हे सगळे त्याने सौंदरमला सांगितले. ती भांडी घासत होती.

"शुक्रवारी तुमच्याकडे आली होती? आणि तुम्ही मला आज सांगताय?"

"सांगून काय केलं असतंस?"

"तिला घरात घेतलं असतं. ताडपत्रीखाली का होईना."

त्याला ते सुचलेही नव्हते.

जुलैच्या अखेरीस कदिरवेल घरी आला. ताटात विडा, नारळ, केळी. दाढी वाढलेली, अंगाने निम्मा झालेला. वैरक्कण्णूची चुलतबहीण त्याच्या घरात दिलेली, त्यामुळे दोघे एकमेकांना मेव्हणे म्हणायचे.

"मेव्हणे, अकरा ऑगस्टला पंगत धरलीय."

"तुमची पाळी पुढच्या वर्षी आहे."

"आहे. पण वकील पाळी बघत नाही. तीन लाख आधी, तीन मागाहून. आळीनं ठरवलंय, या वेळी प्रत्येकानं नवे दुप्पट ठेवायचे. अय्यनारच्या देवळासमोर बसून ठरलंय."

"मला बोलावलं नाही."

"तुम्हाला कशाला बोलवायचं? तुम्ही तर वहीवर असणारच. अक्षर तुमचंच पाहिजे." ताट पुढे सरकवून तो खालच्या आवाजात म्हणाला, "लोक काय काय बोलतात. तुम्ही वहीवर बसलात की बोलणं बंद होईल."

वैरक्कण्णूने ताटाला हात लावला नाही. "तिच्या कान टोचण्याची वही मीच लिहिली होती," तो म्हणाला. "सत्त्याण्णवच्या डिसेंबरात. एकोणसाठ हजार चारशे जमले होते."

कदिरवेल खाली बघत राहिला. "माझी पोर होती, मेव्हणे. तुमच्यापेक्षा मला जास्त दुःख आहे."

"असेल."

"मग?"

"मी येईन. वही लिहिणार नाही."

कदिरवेलने ताट उचलले. दारात चप्पल घालताना वर पाहून म्हणाला, "छपराचं काम यंदा करताय ना? करून घ्या. पाऊस कोणाची वाट बघत नाही." आणि गेला.

सौंदरम आतून सगळे ऐकत होती. "धमकी देऊन गेला," ती म्हणाली.

"हो."

"तीन लाख शहाऐंशी हजार."

"मला आकडा माहीत आहे."

"तुम्हाला आकडे नेहमीच माहीत असतात," ती म्हणाली आणि विटा सारख्या करायला वर गेली.

११ ऑगस्ट. मांडव रस्त्यापर्यंत आला होता. पानांवर भात, मटणाचा रस्सा, उकडलेले अंडे. वैरक्कण्णू नसल्यामुळे आळीने तालुक्याहून आहेर लिहायचे यंत्र भाड्याने आणले होते. नाव, गाव, रक्कम घातली की खालून पावती निघायची. ते चालवायला एक बाई होती. तिला गावाची काहीच माहिती नव्हती, आणि हे बरेच होते. शेजारी माइकवर सिन्नैयनचा मेव्हणा, पावती बघून नावे पुकारत.

वैरक्कण्णूने नोटा घरीच तीनदा मोजल्या होत्या. रांगेत त्याच्या पुढच्या माणसाने जुने चार हजार दिले आणि नवे दहा हजार ठेवले. माइकवरून ते दोनदा पुकारले गेले.

"नाव?" बाईने विचारले.

"वैरक्कण्णू. वडील सेवुगन. वरची आळी."

"जुने?"

"साडेसात हजार."

"नवे?"

"शून्य."

बाईने बोटे चालवली, थांबली, परत चालवली. "मामा, शून्य घेत नाही हे."

"का?"

"रकाना रिकामा ठेवता येत नाही आणि शून्यही चालत नाही. कोणी देतच नाही ना शून्य. एक रुपया टाकू का?"

"नको."

"एकच रुपया हो, मामा. मी घालते माझ्याकडचा. मागे रांग थांबलीय."

"बाई, एक रुपया घातलात तर संबंध राहतो. मला तो ठेवायचा नाही. कागदावर हातानं लिहा."

तिने एका चिठ्ठीवर लिहिले. अक्षर वाकडे होते. वैरक्कण्णूने चिठ्ठी फिरवून घेतली, तारीख घातली आणि सही केली. माइकवाल्याने ती हातात घेऊन वाचायला सुरुवात केली, "वैरक्कण्णू, जुने साडेसात हजार, नवे..." आणि थांबला. माइक चालूच होता. मांडवात पाने वाढणाऱ्यांच्या पळीचे आवाज तेवढे ऐकू येत होते.

"वाच," वैरक्कण्णू म्हणाला. "लिहिलंय ते वाच."

त्याने वाचले नाही. वैरक्कण्णूने चिठ्ठी यंत्राखाली ठेवली आणि न जेवता मांडवाबाहेर पडला. कदिरवेल प्रवेशाशी हात जोडून उभा होता, येणाऱ्याजाणाऱ्यासाठी जोडलेले हात तसेच होते. दोघांनी एकमेकांकडे पाहिले.

त्या दिवशी सहाशे चाळीस जणांनी मोय लिहिली. वैरक्कण्णूमागे आणखी दोघांनी नवे शून्य ठेवले. एक अय्याकण्णू पोस्टमन. दुसरा पिच्चैमुत्तू, त्याने नंतर टपरीवर सांगितले की त्याचा काही निषेध वगैरे नव्हता, त्या दिवशी खिशात तेवढेच होते. जमले नऊ लाख तेवीस हजार. एका मुलीला मारून पचवायला माणसांनी दिलेले नऊ लाख, आणि त्यातल्या निम्म्यांना विचारले तर सांगतील की आम्हाला ते पटलेले नाही, पण आमचे पैसे त्याच्याकडे होते, काय करणार.

सोमवारी वैरक्कण्णू पोलीस ठाण्यात गेला. साहेबांनी ऐकून घेतले आणि विचारले, "मेचं सांगताय. आज ऑगस्टची बारा. अकरा आठवडे काय करत होता?"

"त्याचं देणं होतं माझ्याकडे. कालच फिटलं."

साहेब त्याच भागातले होते. त्यांनी मान हलवली, म्हणजे त्यांना ते बरोबर कळले. सुट्या कागदावर लिहून घेतले, म्हणाले बोलावू. वैरक्कण्णू चार वेळा जाऊन आला. शेवटी टंकलेला जबाब झाला तेव्हा त्याने तो तीनदा वाचला, दोन तारखा दुरुस्त करून घेतल्या आणि सही केली. तो साक्षीदार क्रमांक नऊ झाला.

पंगतीची पत्रिका घेऊन तो कॉलनीत गेला तो त्याच आठवड्यात. सत्तावन्न वर्षांत पहिल्यांदा. मुगिलनची आई अंजलै दारात शेंगा फोडत होती. मुगिलन तिरुप्पूरला कामाला निघून गेला होता.

"जेवायला या," वैरक्कण्णू म्हणाला. "पंगतीत. पुढून."

"का?"

त्याने शुक्रवारची सगळी गोष्ट सांगितली. ती ऐकत होती आणि शेंगा फोडत होती.

"म्हणजे तुम्ही तिसरे," ती म्हणाली. "ती म्हणाली होती, तिसरा पक्का माणूस आहे, वेळ लावतो पण सही करतो. माझा पोरगा म्हणाला, दुसरा कोणीतरी बघू. ती म्हणाली, नको, मामा सोमवारी येतील."

वैरक्कण्णू उभाच होता. बसा, असे कोणी म्हटले नव्हते.

"आता पत्रिका घेऊन आलात," अंजलै म्हणाली. "सही शुक्रवारी पाहिजे होती."

१ सप्टेंबरला त्याने पाचशे माणसांचा स्वयंपाक सांगितला होता. मटणाचेच चौऱ्याहत्तर हजार झाले. आळीने देवळासमोर पुन्हा बसून ठरवले होते की ज्याने एका घराशी संबंध तोडला त्याने सगळ्या आळीशी तोडला, आणि अशा माणसाची मोय कोणाला फेडावी लागत नाही. जी मोय आजवर कोणी बुडवली नव्हती ती एका बैठकीत बुडाली. बाहेरगावचे आणि चुकून आलेले धरून अठ्ठावन्न जण आले. काही तोंड लपवून आले आणि पाकीट सौंदरमच्या हातात कोंबून गेले, नाव लिहू नका म्हणाले. नाव न लिहिता मोय कशी घेणार, म्हणून वैरक्कण्णूने ती पाकिटे परत पाठवली. सौंदरम त्यावरून आठ दिवस बोलली नाही.

दुपारी अंजलै आली. एकटीच. धुतलेले लुगडे नेसून. मांडवात शिरली आणि तिसऱ्या ओळीत रिकाम्या पानावर बसली. त्या ओळीतले चार जण उठले. त्यातला एक पिच्चैमुत्तू होता. सौंदरमने त्या उठलेल्यांची पाने स्वतः उचलली आणि अंजलैला स्वतः वाढले. अंजलै सावकाश जेवली. हात धुऊन वहीजवळ आली तेव्हा वैरक्कण्णूने पेन उघडले.

"मी लिहायला नाही आले," ती म्हणाली. "बोलावलं म्हणून जेवायला आले. मीठ जरा जास्त होतं."

त्याने पेन मिटले. संध्याकाळची बेरीज एकसष्ट हजार पाचशे. खर्च एक लाख नऊ हजार. लाल शाईत दोन रेघा मारल्या. ताडपत्री तशीच राहिली.

खटला उभा राहायला कोरोनामुळे २०२१ उजाडले. स्मशानातल्या सोळांपैकी नऊ जण कोर्टात उलटले. आपण त्या दिवशी गावातच नव्हतो, म्हणाले. वैरक्कण्णूची साक्ष सप्टेंबरात झाली. बचावाचा वकील अतिशय नम्र होता.

"सचिवसाहेब, आपण हिशेबी माणूस. एवढी महत्त्वाची गोष्ट आपण अकरा आठवडे सांगितली नाही?"

"त्यांचं देणं फिटेपर्यंत सांगता येत नव्हतं."

"म्हणजे आपला आणि आरोपीचा पैशांचा व्यवहार होता."

"मोय होती."

"किती?"

"साडेसात हजार."

"आणि ती ज्या दिवशी फिटली त्याच्या दुसऱ्याच दिवशी आपण आरोपीविरुद्ध जबाब दिलात. त्यानंतर आळीनं आपले तीन लाख शहाऐंशी हजार दिले नाहीत. बरोबर?"

"बरोबर. पण..."

"आकडा बरोबर आहे ना? धन्यवाद. मला एवढंच हवं होतं."

वैरक्कण्णूने न्यायाधीशांकडे पाहिले. त्या मधुरैच्या, शहरातल्या असाव्यात. मोयचा नियम त्यांना कोणी सांगितला नव्हता आणि सरकारी वकिलाने सांगायची तसदी घेतली नाही. ज्या देण्यामुळे तो गप्प राहिला, तेच देणे आता त्याच्या बोलण्याचे कारण ठरले. १८ मार्च २०२२ ला निकाल लागला. साक्षीदार क्रमांक नऊ याचा आरोपींशी आर्थिक वाद असल्याने त्याचा जबाब विश्वासार्ह मानता येत नाही, असे एक वाक्य निकालपत्रात आहे. संशयाचा फायदा देऊन दोघे सुटले. वैरक्कण्णूने निकालपत्राची नक्कल पैसे भरून काढली आणि ते वाक्य पट्टी धरून अधोरेखित केले. त्यात व्याकरणाची एकही चूक नव्हती.

आता तो आठवड्यातून दोन दिवस तालुक्याच्या नोंदणी कार्यालयाबाहेर, कागद लिहिणाऱ्यांच्या बाकावर बसतो. खिशात स्वतःच्या आधार कार्डाच्या चार प्रती असतात. एखादे जोडपे बावरून इकडेतिकडे बघताना दिसले तर तो विचारतो, "साक्षीदार कमी आहे का?" जात विचारत नाही, बाप काय करतो विचारत नाही, वयाचा दाखला तेवढा नीट तपासतो. सही त्याच वेळी करतो. मग त्यांना रिक्षात घालून पोलीस ठाण्यात नेतो आणि संरक्षणाचा अर्ज आवक क्रमांक पडेपर्यंत हलत नाही. आतापर्यंत अकरा सह्या झाल्या. दोन मुलींना त्यानंतरही घरचे ओढून घेऊन गेले. त्यातली एक परत आली, एकीचा पत्ता नाही. अय्याकण्णू कधीतरी सोबतीला येतो आणि म्हणतो, "आपण दोन म्हातारे काय पुरे पडणार?" वैरक्कण्णू म्हणतो, "नाही पडणार. तू सही कर."

कदिरवेल रस्त्यात दिसतो. दोघे बोलत नाहीत. हिशेब शून्य आहे.

झेरॉक्सचे दुकान आता मालक स्वतः चालवतो. निवृत्तीनंतर वैरक्कण्णू तिथे तीस रुपये द्यायला गेला होता. मालकाने जुनी वही काढून २४ मे पाहिली. पंधरा प्रती, तीस रुपये, जमा. "बाकी काही नाही, सचिवसाहेब," तो म्हणाला. "पोरीनं स्वतःचे भरले असतील. ती दिवसाचा गल्ला दिवसालाच जुळवायची."

तेन्मोळीचे तीस रुपये वैरक्कण्णूकडून येणे आहेत. ते दिलेले नाहीत.